अब्बांच्या हत्यारपेटीतला मासा

कोकणातल्या आपल्या घरांच्या माळ्यावर एक तरी वस्तू अशी असते, जी वापरात नसते आणि टाकवतही नाही. कुणाकडे आजोबांची जहाजावरच्या नोकरीची ट्रंक असते, कुणाकडे भात मोजायचं जुनं माप, कुणाकडे फाटका पाग. आमच्या घरी अब्बांची हत्यारांची पेटी होती. वाकस, रंधा, तीन मापांच्या पटाश्या, गिरमिट, कानशी आणि दातांना धार लावून लावून अरुंद झालेली एक करवत. अब्बांनी उमेदीची पस्तीस वर्षं राजपुरी खाडीच्या काठावर लाकडी होड्या बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या. त्यांना गळती नाही, दरवर्षी काथ्या भरायला नको, कोळी बांधवांना त्या परवडल्या. त्यात कुणाचा दोष नव्हता. काम मात्र थांबलं, आणि कामाबरोबर अब्बांचं बोलणंही कमी झालं. भंगारवाला दोनदा पेटीचा भाव करून गेला. दोन्ही वेळा अब्बा काही न बोलता उठून नमाजला गेले.

आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. एकाची शाळा उर्दू माध्यमाची, दुसऱ्याची मराठी. आमचा मोठा मुलगा नववीत आहे. दोन शिक्षकांच्या मुलाकडून गावाची काय अपेक्षा असते, हे वाचकांना सांगायला नको. गणितात तो पस्तीसच्या आसपास घोटाळतो. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी असरनंतर खाडीवर गळ टाकून बसतो. तो आणि त्याचे दादा म्हणजे आमचे अब्बा, ही घरातली दोन गप्प माणसं. गेल्या वर्षी या दोघांना एका लाकडी माशाने बोलतं केलं. त्या माशाविषयी लिहायचं आहे. कृती सांगावी, म्हणजे कुणाला करून पाहता येईल. आणि त्यातून आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला तोही सांगावा, म्हणून हा लेख.

गळाला लावायचा खोटा मासा आता सगळीकडे मिळतो. त्याला लुअर म्हणतात. मुलाला एक हवा होता, दुकानात त्याची किंमत सहाशे रुपये. तोवर तो जिवंत बोय पकडून तिच्या पाठीत गळ खुपसून पाण्यात सोडत असे, म्हणजे ती तडफडते आणि जिताडा येतो. आमच्या अम्मींना हे मुळीच पटत नव्हतं. मासे धरायला त्यांची ना नव्हती. समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये स्पष्ट आलंच आहे. पण एका जिवाला तासभर तडफडत ठेवून दुसरा धरायचा, याला त्या जुलूम म्हणत. "मेलेली कोळंबी लाव, नाहीतर दुसरं काही शोध," असं त्यांनी नातवाला बजावलं. हे अब्बांनी ऐकलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तो सहाशे रुपयांचा मासा कशाचा असतो रे?" मुलाने मोबाइलवर चित्र दाखवलं. अब्बांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर होडीच आहे. उलटी चालणारी."

या वस्तूचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब मच्छीमार होता. जन्म १९०५ चा. मोठ्या सरोवरांवर मासे धरून तो संसार चालवी. त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून जाताना सगळ्यांवर झडप घालत नाही. जो किंचित लंगडत, डुलत पोहतो, त्यालाच तो उचलतो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा एक मासा चांभाराच्या सुरीने कोरला आणि तसाच डुलेल असा केला. वर्ख घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चॉकलेटच्या वेष्टनाची चंदेरी पन्नी चिकटवली. रोगण घ्यायलाही पैसे नव्हते, म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला, बुचाऐवजी बाल्सा नावाचं अतिशय हलकं लाकूड आलं, मासे जगभर गेले. पण प्रत्येक मासा पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय विकायचा नाही, हा रिवाज त्याने ठेवला. अब्बांना ही हकीकत वाचून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "होडीही पाण्यात घातल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात देत नाहीत."

बाल्सा आपल्याकडे सहज मिळत नाही. साग, आंबा जड. अब्बांनी पांगारा सुचवला. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो काटेरी, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलणारा पांगारा. त्याचं लाकूड हलकं, मऊ, चटकन कोरलं जाणारं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठीही ते वापरत आले आहेत. आमच्या कुंपणाची एक फांदी फेब्रुवारीत तोडली होती, ती मेपर्यंत पडवीत सावलीला वाळली. हा वाळवण्याचा काळ टाळता येत नाही. ओल्या लाकडाचा मासा पुढे आकसतो आणि वरचा रंग तडकतो.

जूनमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, आणि पावसात पडवीत काम सुरू झालं. ११ सेंटिमीटर लांब, सव्वादोन सेंटिमीटर उंच, पावणेदोन जाड असा ठोकळा. पुठ्ठ्याचा साचा कापून बाजूवर ठेवायचा आणि पेन्सिलीने आकार काढायचा. करवत लावण्याआधी ठोकळ्याला वरून, खालून, पुढून, मागून मधली रेघ मारायची. अब्बांचा सगळा भर या रेघेवर. "मधली रेघ पुसली गेली की होडी आयुष्यभर एका अंगाला चालते." ठोकळा चौकोनी असतानाच तोंडाशी जिभेसाठी खाच पाडून घ्यायची, कारण एकदा गोलाई आली की खाच सरळ येत नाही. मग पोटाच्या बाजूने मधल्या रेघेवर करवतीने एक चीर. या चिरेत गंज न धरणाऱ्या स्टीलच्या तारेचा एकच अखंड तुकडा बसतो. तोंडाशी, पोटाशी आणि शेपटीशी त्याचीच कडी वळवलेली असते. मोठा मासा लागला आणि लाकूड फुटलं, तरी तंगूस ते गळ ही साखळी तुटत नाही.

त्यानंतर कोरायचं काम. पटाशीने कोपरे उतरवायचे, मग कानस, मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, मग २४०, शेवटी ४००. अब्बांना मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही. ते दोन्ही अंगठे माशाच्या दोन्ही कुशींवरून एकाच वेळी फिरवत आणि सांगत, "डावीकडे केसभर जास्त आहे." मुलगा कॅलिपरने मोजून बघे. अब्बांचे अंगठे बरोबर निघत.

पोटात वजन हवं, नाहीतर मासा पाण्यात कुशीवर पडतो. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आम्ही वापरल्या. होडीच्या तळाशी स्थैर्यासाठी जे वजन ठेवतात त्याला नीरम म्हणतात. अब्बांनी तोच शब्द इथे वापरला. नीरम जितकं खाली तितका मासा सरळ, पण जास्त झालं तर त्याचं डुलणंच मरतं. इथे मुलाने शाळेतलं मोजपात्र मागून आणलं. गळांसकट एका माशाचं वजन भरलं २१ ग्रॅम आणि तो पूर्ण बुडवल्यावर पाणी चढलं २५ मिलिलिटर. म्हणजे तो तरंगणार, आणि चार ग्रॅमची सवड आहे. विज्ञानाच्या पुस्तकातल्या आर्किमिडीजची आमच्या मुलाशी खरी ओळख त्या दिवशी झाली. शिशाबद्दल एक सूचना: ते विषारी असतं. घरात वितळवू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये आणि काम झालं की साबणाने हात धुवावेत.

माशाची जीभ म्हणजे तोंडाखाली बसवलेली पातळ पारदर्शक पट्टी. ती आम्ही जुन्या हेल्मेटच्या काचेतून कापली. सगळी करामत तिची. तंगूस ओढली की पाणी जिभेवर आदळतं आणि डोकं खाली दाबलं जातं. पाण्याचे भोवरे कधी या बाजूने, कधी त्या बाजूने सुटतात, म्हणून अंग डावी-उजवीकडे डुलत राहतं. जीभ शरीराच्या रेषेत पुढे काढली तर मासा खोल जातो. खाली उभी बसवली तर वरच्या पाण्यात राहतो आणि जास्त डुलतो. खाडीच्या उथळ पाण्यासाठी आम्ही उभी ठेवली.

रंगाच्या वेळी घरात एक प्रश्न निघाला. आधी लाकूड पाणी पिऊ नये म्हणून सीलरचे दोन हात दिले, पोट पांढरं केलं, पाठ शेवाळी, आणि कुशीला औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी चिकटवली. मुलगा डोळे रंगवायला बसला आणि अम्मी म्हणाल्या, "जानदाराची सूरत करताय, विचारलंत का कुणाला?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी मासा हातात घेऊन पाहिला. कामाच्या वस्तूबाबत आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, असं सांगून त्यांनी उलट मुलालाच विचारलं, "डोळ्याशिवाय हा काम करील का?" मुलगा म्हणाला, "करून पाहतो." "मग शंका राहते ते सोडून दे," ते म्हणाले. म्हणून आमच्या माशांना डोळे नाहीत, तोंड नाही, खवले नाहीत. धाकटीने त्यांचं नाव ठेवलं 'कोरे मासे'.

पुढे कळलं की त्यांचं काही अडलं नाही. खाडीचं पाणी गढूळ असतं. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातली बारीकशी थरथर तिच्यातून त्याला कळते. शिकार करणारा मासा आधी ती थरथर ओळखतो, रंगरूप त्यानंतर. लाउरी रापालाने पाहिलं तेही तेच होतं. लंगडणाऱ्या माशाला रूपाने कुणी ओळखलं नव्हतं, चालीने ओळखलं होतं.

शेवटचा हात दोन ट्यूबांच्या पारदर्शक इपॉक्सीचा. तो घट्ट होईपर्यंत मासा सतत फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर एका बाजूला ओघळ जमतात. यासाठी यंत्र मिळतं. आमच्याकडे माणसं होती. मगरिब ते इशा, पाळीपाळीने, दोन काड्यांमध्ये धरलेला मासा गोल फिरवत आम्ही सगळे पडवीत बसलो. अब्बांनी त्या रात्री १९८० च्या आसपास बांधलेल्या एका मचव्याची गोष्ट सांगितली. ती आम्हीही कधी ऐकली नव्हती.

एकूण आठ मासे झाले. अंगणातल्या टाकीत पाहिलं तर दोन कलंडले, एकाचं डुलणं मंद. उरलेले खाडीवर नेले. ओढताना मासा एका बाजूला पळत असेल, तर तोंडाची कडी पक्कडीने केसभर उलट बाजूला वळवायची. डावीकडे पळतो, तर उजवीकडे. पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. एकाच साच्याचे, एकाच फांदीचे हे मासे, पण दोन सारखे चालले नाहीत. प्रत्येकाची कडी वेगळी वळवावी लागली. मुलाने त्यासाठी वही घातली. क्रमांक, वजन, जिभेचा कोन, शिसं किती आणि कुठे, पाण्यात कसा चालला, काय बदललं. कुणी सांगितलं नव्हतं. विज्ञानाच्या प्रयोगवहीत याच मुलाची निरीक्षणं आम्हाला मित्राच्या वहीतून उतरवलेली सापडत. या वहीत खाडाखोड आहे, ओल्या बोटांचे डाग आहेत आणि एकही ओळ उतरवलेली नाही.

जिताडा तिवरांच्या मुळांजवळ, वळणावर दबा धरून बसतो. भरती वळून ओहोटी लागते, तेव्हा लहान मासे तिवरांतून बाहेर निघतात. ती त्याची वेळ. चार खेपा रिकाम्या गेल्या, एक मासा मुळांत अडकून गेला. ऑक्टोबरच्या एका रविवारी क्रमांक सहाच्या कोऱ्या माशावर दीड किलोचा जिताडा आला. घरी आणून अम्मींनी त्याचं कालवण केलं, दोन वाटे शेजारी गेले. अब्बांनी खाण्याआधी क्रमांक सहा मागून घेतला आणि दातांच्या खुणा अंगठ्याने चाचपून पाहिल्या. "लाकूड टिकलं," ते म्हणाले.

काही नियम घरात ठरले आहेत. एकट्याने जायचं नाही, चपला नव्हे बूट घालायचे, भरतीची वेळ पाहूनच निघायचं आणि मगरिबच्या आत घरी यायचं. तीन काट्यांच्या गळाच्या टोकामागची आकडी पक्कडीने दाबून टाकायची, म्हणजे बोटात गेला तरी निघतो आणि सोडायचा मासा फार जखमी होत नाही. लहान मासा परत सोडायचा. अगदी मोठाही सोडायचा, कारण जिताडा लहानपणी बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. सर्वांत मोठे मासे म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या. तंगुशीचे तुकडे खाडीत टाकायचे नाहीत.

आता त्या प्रश्नाकडे येतो. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, "दहावीनंतर काय?" आमच्या मुलाने सरळ सांगितलं, "आयटीआयला सुतारकाम." क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक नातेवाईक हसत म्हणाले, "आई-बाप मास्तर आणि पोरगा सुतार?" ते दुष्टपणाने म्हणाले नव्हते. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम करून माणसांनी मुलांना शिकवलं, ते हातात पटाशी धरावी लागू नये म्हणूनच. अब्बांनी स्वतः तेच केलं. त्यांच्या घट्ट्यांवर आमचं बीएड झालं. म्हणून त्या बोलण्यामागची भीती आम्हाला कळते. ती आमच्याही मनात आहे.

उत्तर अब्बांनी दिलं, तेही पाहुण्यांकडे न बघता. "हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते." एवढंच. ही गोष्ट सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे, आणि हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हातच्या कमाईतून खात, हे बुखारीत आहे. आम्ही दोघांनीही हे वर्गात मुलांना सांगितलं आहे. आपल्या घरात, आपल्या मुलाबद्दल ते ऐकताना त्याचं वजन वेगळं लागतं.

शिक्षक म्हणून आम्हाला हेही माहीत आहे की एका जिताड्याने मुलाचं भविष्य ठरत नाही. गणिताचे गुण वाढलेले नाहीत. सुतारकामालाही माप, कोन, घनफळ लागतं, हे त्याला पटलं आहे, आणि आता तो त्याच वहीतली उदाहरणं घेऊन आमच्याकडे बसतो. भूमितीतला कोन त्याला जिभेच्या कोनावरून समजतो. पस्तीस गुणांच्या मुलाकडे धीर नाही, निरीक्षण नाही, असं आता आमच्या घरात कुणी म्हणू शकत नाही. त्याची चाल पाहायला त्याला योग्य पाणी लागत होतं.

वाचकहो, तुमच्याही घरी मोठ्यांच्या हातचं काही ना काही पडून असेल. शिलाईची कात्री असेल, लोहाराचा हातोडा असेल, पेटी दुरुस्तीचं सामान असेल. भंगारात देण्याआधी एकदा मुलाला त्यांच्याजवळ बसवून पाहा. काय करायचं ते त्या दोघांना ठरवू द्या. लाकडी मासाच करायला हवा असं नाही. पण करायचा असेल तर पांगाऱ्याची फांदी आत्ताच तोडून ठेवा, पावसाळ्यापर्यंत वाळेल.

आमच्या मुलाचा दहावीनंतरचा फॉर्म भरायला अजून वेळ आहे. तोवर आम्ही दोघं नवरा-बायको या विषयावर बोलतो, कधी एकमत होतं, कधी होत नाही, आणि इस्तिखाराची दुआ करतो. एक गोष्ट मात्र ठरली आहे. त्या फॉर्मवर मुलगा जे लिहील त्याखाली पालक म्हणून सही करताना आमची मान खाली जाणार नाही.